ठोका कुणाचा चुकतो

पाहुणा येणार हे ठरल्यापासून बाईंनी प्रयोगशाळेत झाडलोट काढली होती, जणू व्याहीच उतरणार होते. जुन्या बाटल्या गेल्या, कपाटांच्या काचा चकाकल्या, आणि मला बजावून झालं की तो जे विचारील ते सरळ सांगायचं. मी म्हटलं, लपवण्यासारखं आपल्याकडे आहे काय? बाई म्हणाल्या, "नाहीच. पण काही नसताना लपवल्यासारखं दिसतं ना, ते फार वाईट."

बाई म्हणजे आमच्या प्रमुख. पाहुणा होता दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतला, आणि तो येत होता आमचं म्हणणं खरं की खोटं ते बघायला. असं त्यांच्या पत्रात कुठंही नव्हतं. पत्रात 'एकत्र बसून काम करू' असं होतं. पण अर्थ तोच.

हृदयाचा ठोका मध्येच चुकण्याचा एक आजार असतो, घराण्यात चालत येणारा. अशाच एका कुटुंबातल्या शाळाशिक्षिकेनं आम्हाला रक्त दिलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीला हा आजार नाही, तिनंही दिलं. रक्तातल्या पेशींना समजावून-चुचकारून पुन्हा बाल्यात न्यायचं, म्हणजे त्यांच्या मूळपेशी होतात, आणि मग त्या मूळपेशींना हृदयाच्या वळणावर लावायचं. नीट जमलं तर बशीएवढ्या प्लेटमध्ये पातळ सायीसारखा थर धरतो आणि आपला आपण धडधडायला लागतो. मी हे काम कितीतरी वेळा केलंय, तरी पहिली धडधड दिसली की हातातलं काम थांबतंच. प्लेटींना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरलीचा ठोका अडखळायचा, धाकटीचा सरळ पडायचा. हे आम्ही छापलं, चार लोकांनी शाबासकी दिली, आणि मग पाहुण्याच्या प्रयोगशाळेनं आमच्याच पेशी मागवून तेच करून बघितलं. त्यांच्याकडे थोरलीसुद्धा सरळच चालली.

एवढंच असतं तर वाद घालत बसलो असतो. पण रुग्णालयातले एक डॉक्टर आमच्या प्लेटींवर औषधं तपासणार होते. ज्या औषधानं थोरलीचं अडखळणं थांबेल ते पुढं माणसांसाठी निवडायचं, असा बेत होता. शिक्षिकेच्या घरात तिची दोन मुलं आहेत, दोघांनाही आजार आलाय. आता अडखळणं मुळात खरंच नसेल, तर औषध थांबवणार काय? आणि आमच्याकडची प्रत्येक थोरली वाढली होती ती माझ्या हाताखाली.

मी जात्याच धास्तावलेली. मुंगी झाल्यापासून तर विचारूच नका. मुंगी म्हणजे माझी लेक, नुकती रांगायला लागलेली. दिवसभर ती माझ्या सासऱ्यांकडे असते. ते नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले, हात स्थिर, डोकं त्याहून स्थिर. बाळंतपणानंतर मी पुन्हा कामावर रुजू झाले तेव्हा त्यांना सारखे फोन करायचे. एकदा ते शांतपणे म्हणाले, "अगं, ती झोपली होती. तुझ्या फोननं उठली. आता तूच सांग तिला झोप म्हणून." नवऱ्यानं ही गोष्ट त्याच्या सगळ्या मित्रांना सांगितली आहे.

पाहुणा आला तो एक सपाट बॅग आणि स्वतःची उशी घेऊन. उशी का, तर परक्या उशीवर मान धरते. चाळिशीचा, केस विस्कटलेले, बोलणं मोजकं. आमच्याकडे त्याला सगळे पाहुणेबुवा म्हणायला लागले आणि त्याला ते आवडलेलं दिसलं. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "मला सर वगैरे म्हणू नका. मी सरांसारखा वागलो तर मला उठवून लावा."

आम्ही शेजारी शेजारी बसून एकाच बाटलीतल्या द्रवात, एकाच दिवशी वितळवलेल्या पेशी वाढवायला घेतल्या. प्लेटी एकाच इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाइतक्या उबेच्या कपाटात, त्याच्या वरच्या फळीवर आणि माझ्या खालच्या. मी डोळ्यांत तेल घालून त्याचे हात बघत होते. कुठंतरी घाई करील, पेशी ओतताना थरथरेल, काहीतरी सापडेल. काही सापडलं नाही. त्याचा हात माझ्याहून हलका होता, हे मान्य करायला मला जड गेलं. नळी टेकवताना तो श्वास धरून ठेवायचा आणि मग हळूच सोडायचा, हे मी नकळत उचललं.

पेशी धडधडायला लागल्या. मोजायच्या दिवशी ठोके टिपणाऱ्या यंत्रावर एकेक प्लेट ठेवली. माझी थोरली अडखळली. त्याची थोरली शाळेत निघालेल्या शहाण्या मुलीसारखी टकटक चालत राहिली.

बाईंनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि पुन्हा पुन्हा ताडून बघितले. मला वाटत होतं, पाहुणेबुवांनी काहीतरी लावून बोलावं, म्हणजे मला भांडता येईल.

मग बाईंनीच तोडगा काढला. पुढच्या खेपेला प्लेटींवरची नावं त्यांनी स्वतः झाकली, वर रंगीत ठिपके चिकटवले. कुठला रंग कुणाचा ते त्यांनाच ठाऊक. मला हे मनातून लागलं. मी काय थोरलीला चिमटे काढून अडखळवते, असं वाटतं का यांना? घरी गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही त्यांचा. तो म्हणाला, "ठिपके त्या माणसाच्या प्लेटींवर पण लावलेत ना? मग तुझ्या एकटीवर कसा काय अविश्वास?" बरोबर असलेला नवरा फार त्रासदायक असतो.

ठिपक्यांच्या खेपेला मी आणखीच जपलं. हिरवी कोण, पिवळी कोण, काही पत्ता नव्हता, त्यामुळं सगळ्यांनाच जपलं. मोजायचा दिवस आला. पाहुणेबुवांच्या सगळ्या प्लेटी सरळ चालल्या. माझ्या सगळ्या अडखळल्या.

सगळ्या. बाईंनी ठिपके काढले तेव्हा खाली दोन ठिकाणी 'धाकटी' लिहिलेलं होतं. जिला आजारच नाही, तिच्या पेशीसुद्धा माझ्या हाताखाली ठोका चुकवत होत्या.

मी स्टूलवर बसले. माझ्याच काळजाचा ठोका चुकला होता, पण तो टिपायला यंत्र नव्हतं. म्हणजे इतके दिवस आम्ही जे थोरलीचं म्हणून दाखवलं, छापलं, डॉक्टरांना दिलं, ते माझं होतं? आजाराचं नाही, माझं? बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की आज घरी जा, मुलीला घे, उद्या बघू. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. नेहमीसारखा ठेवायला त्यांना किती कष्ट पडले असतील, ते मला कळत होतं. डॉक्टरांना थांबायला सांगायचं की नाही, हे आता त्यांना ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाहुणेबुवांना म्हटलं, की पहिल्या खेपेला मी तुमच्या हातांवर नजर ठेवून होते, तेव्हा आता फिटंफाट करा. नव्या प्लेटी लावल्याच आहेत. तुम्ही दिवसभर बसून नुसतं माझ्याकडे बघा आणि जे दिसेल ते सांगा. वाईट वाटून घेणार नाही. ते म्हणाले, वाईट तर वाटेलच, पण बघतो. आणि खरंच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. कुणी आपल्याकडे दिवसभर बघत बसलं की आपल्याला आपलेच हात दुसऱ्याचे वाटायला लागतात. मी बाटली उचलली तरी वाटे, असंच उचलते का मी रोज?

दुपार उतरल्यावर ते उठून आले. थोडे अवघडले होते.

"एक विचारू? तुम्ही प्लेट मधूनमधून बाहेर काढता. ते कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"बऱ्या आहेत ना, ते."

"आणि बऱ्या नसल्या, तर काय करता?"

खरं म्हणजे मी काही करत नव्हते. करण्यासारखं काही नसतंच. नुसती कपाटातून काढायची, मायक्रोस्कोपखाली ठेवायची, धडधड दिसली की जीव भांड्यात पडायचा, पुन्हा ठेवून द्यायची. त्यातही मोजायच्या आधी एकदा शेवटची नजर. आणि कुणाकडे जास्त? जी आजारी आहे तिच्याकडे. धाकटीचं काय, ती धडधाकट, ती सरळ कपाटातून यंत्रावर. ठिपके लावल्यावर आजारी कोण हे कळेना, म्हणून सगळ्यांनाच काढून बघत राहिले.

"तुमच्याकडे नाही का बघत?" मी विचारलं.

ते म्हणाले, त्यांच्याकडे नियमच आहे. प्लेट आत गेली की खाद्य बदलण्यापलीकडं कुणी हात लावायचा नाही. जो विनाकारण काढील त्यानं त्या आठवड्यात सगळ्यांची भांडी घासायची. "मी सुरुवातीला खूप घासली," ते म्हणाले. "मग सवय गेली."

आमच्याकडे बरोबर उलटं होतं. बाई नव्या माणसाला पहिला धडा देतात तो हाच, की पेशींकडे रोज बघा, बघणाऱ्यालाच कळतं. त्यात चूक काहीच नाही. पण आमच्या मायक्रोस्कोपची बैठक धातूची आहे आणि ती खोली यंत्रं तापू नयेत म्हणून गार ठेवलेली असते. अंगाच्या उबेत वाढलेली प्लेट मी त्या गार पत्र्यावर ठेवायचे आणि कौतुकानं बघत बसायचे. आंघोळीहून निघालेल्या बाळाला उघड्यावर धरून 'कसं गं गोड माझं' म्हणत बसावं, तसं.

छापलेल्या लेखात आम्ही सगळं लिहिलं होतं. कुठला द्रव, कुठली बाटली, कुठल्या दिवशी काय. बघणं तेवढं लिहिलं नव्हतं. बघणं हे काही करणं आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

बाईंना सांगायला आम्ही दोघं गेलो. मला वाटलं, त्या चिडतील. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि पाहुणेबुवांना म्हणाल्या, "तिला बघायला मीच शिकवलंय. तेव्हा भांडी घासायची तर आधी माझी पाळी." मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ मुद्द्यावर बोट ठेवलं. गार लागल्यानं धाकटीही अडखळते आणि थोरलीही. मग दोघींत फरक उरला कुठं? नसेल तर आजच डॉक्टरांना कळवायला हवं, आणि शिक्षिकेलाही. तिला काय सांगायचं, तेही ठरवायला हवं.

मी मोजायच्या दिवसाचं दृश्य डोळ्यांपुढं आणत होते, कारण तेवढं मला जमतं, बघितलेलं पुन्हा बघणं. माझी प्लेट यंत्रावर गेली, अडखळली, आलेख आला, प्लेट टाकून दिली. पुढची.

"अडखळतात हे आपण टिपलं," मी म्हटलं. "सावरतात कधी, ते कुणी बघितलंय? आपण तिथंच प्लेट फेकून देतो."

पाहुणेबुवा मान हलवायला लागले. बाईंनी चष्मा लावला. यंत्राची बैठक उबदार आहे, प्लेट तिथंच राहू दिली तर पेशी पुन्हा अंगाच्या उबेला येतात. म्हणजे मुद्दाम गार लावायचं, सगळ्यांना सारखं, आणि मग न हलता टिपत राहायचं. ठिपके लावूनच, कारण आता माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. बाईंनी डॉक्टरांना फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की आमचं म्हणणं कदाचित पडेल, जरा थांबा. डॉक्टर कुरकुरले असावेत, कारण बाई म्हणाल्या, "चुकीच्या रस्त्यानं लवकर पोचून काय करणार आहात?"

प्लेटी वाढेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सासऱ्यांना विचारा. कपाटाच्या दारापाशी गेले की पाहुणेबुवा नुसते खाकरायचे. खाद्य बदलायची वेळ सोडली तर बाईंनी शिक्षा म्हणून मला दुसऱ्या खोलीतलं काम दिलं होतं. प्लेटी आत काय करताहेत हे मला कळत नव्हतं आणि त्यांचं माझ्यावाचून काही अडतही नव्हतं. हे कळायला मला इतकं शिक्षण घ्यावं लागलं. घरी त्या आठवड्यात मी फोनही कमी केले. तेव्हा सासऱ्यांनीच उलटा फोन करून विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना?

मोजायला सुरुवात केली ती पाहुणेबुवांनी. पहिली प्लेट, निळा ठिपका. गार लावलं, यंत्रावर ठेवली, ठोके अडखळले. आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे. हळूहळू ठोक्यांमधली अंतरं सारखी व्हायला लागली आणि थोड्याच वेळात ती प्लेट अशी चालू लागली जणू काही झालंच नव्हतं. दुसरी, पिवळी. तीही अडखळली. सावरायला लागली, पुन्हा घसरली. पुन्हा सावरली, पुन्हा एक ठोका गिळला. निळीला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला, तरी पिवळीचं धडपडणं चालूच. पाहुणेबुवा श्वास धरून होते, नळी टेकवताना धरतात तसा.

बाईंनी ठिपके लगेच काढले नाहीत. म्हणाल्या, सगळ्या होऊ देत. मग मी माझा गठ्ठा मोजला. माझ्या हातच्या प्लेटींतही दोन तट पडले, लवकर सावरणाऱ्या आणि रेंगाळणाऱ्या. दोघांचे आकडे शेजारी मांडले तेव्हा कुठले कुणाचे ते ओळखू येईनात. इतके दिवस मला माझा हात वेगळा, खास वाटत आला होता. तो तसा नाही हे बघून एवढं हलकं वाटेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी भांडले असते.

ठिपके काढले. लवकर सावरणाऱ्या सगळ्या धाकट्या. रेंगाळणाऱ्या सगळ्या थोरल्या.

बाई खुर्चीत मागं टेकल्या. "म्हणजे थोरलीच तेवढी अडखळते हे खरं नाही," त्या म्हणाल्या. "अडखळल्यावर तिला उठायला वेळ लागतो, हे खरं."

"आधीच्यापेक्षा लहान गोष्ट झाली," मी म्हटलं.

"लहान आहे. पण आपली आहे, आणि यांचीही आहे." त्यांनी पाहुणेबुवांकडे हात केला.

छापलेल्या लेखाला दुरुस्ती पाठवायची हे तिथंच ठरलं. आमचा आधीचा दावा मोठा होता, तो आवरून घ्यायचा. त्या संध्याकाळी बाई थोड्या दमलेल्या दिसल्या. इतक्यांनी शाबासकी दिली होती, त्यांना सगळ्यांना आता सांगायचं होतं. पण शिक्षिकेला त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं आणि मलाही बसवलं. शिक्षिकेनं सगळं ऐकून विचारलं, म्हणजे माझ्या पेशी थंडीनं अडखळतात? आणि मग हसून म्हणाली, की पेशींचं कशाला, मीसुद्धा थंडीत पांघरुणातून लवकर उठत नाही, मुलांना विचारा. बाई तिला नीट समजावत राहिल्या की याचा अर्थ अजून फार थोडा आहे, मुलांच्या आत्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत. ती म्हणाली, ते कळलं. तिनं मला वेगळं विचारलं, या वेळी दुसऱ्यांकडेही तेच आलं ना? मी हो म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली.

पण झालं नव्हतं. पाहुणेबुवा म्हणाले, आपण तिघं एका खोलीत बसून केलं, म्हणजे एका घरातल्या माणसांची साक्ष झाली. त्यांच्या प्रयोगशाळेत एक मुलगी नुकतीच लागली होती. आम्हाला कुणाला ती भेटलेली नव्हती. तिला फक्त कृतीचा कागद द्यायचा, फोनवर कुणी शिकवायचं नाही, आणि तिला काय येतं ते बघायचं. तोवर डॉक्टरांना औषधं पाठवू द्यायची नाहीत.

तो कागद लिहिताना आम्ही जेवढे भांडलो तेवढे आधी कधी भांडलो नव्हतो. पाहुणेबुवांना सगळंच लिहायचं होतं. प्लेट किती वेळ गार ठेवायची, झाकण लावून की काढून, कपाटापासून टेबलापर्यंत कशी न्यायची, कितीदा उघडायचं. बाई म्हणाल्या, लोक हसतील, लिहिलंय बघा म्हणे 'उगाच बघू नये'. मी म्हटलं, हसू देत, पण हसून झाल्यावर त्यांना आमच्यासारखंच आलं पाहिजे. ते वाक्य शेवटी तसंच राहिलं. पाहुणेबुवा उशी काखेत मारून परत गेले आणि जाताना म्हणाले, आता मी तिच्या टेबलाकडे फिरकणारसुद्धा नाही, शप्पथ.

मध्ये बरेच दिवस काही कळलं नाही. मग एक दिवस फोन आला. आवाज कोवळा, घाबरलेला. ती नवी मुलगी होती. म्हणाली, विचारायचं नाही असं सांगितलंय, तरी विचारते, एकच. कागदात लिहिलंय की प्लेट टेबलावर ठेवून गार लावायची. पण टेबल लाकडाचं, की धातूचं? आमच्याकडे दोन्ही आहेत.

मी बाईंकडे बघितलं. बाईंनी डोक्याला हात लावला. एवढं भांडून, एवढं लिहून, काखेत कळसा तो काखेतच राहिला होता.

"धातूचं," मी म्हटलं. "आणि बरं झालं विचारलंस. तुझ्या हातात कागद आहे ना, त्यावर लिहून टाक. आम्हीही लिहितो."

"मी चुकले तर नाही ना, विचारून?"

"अगं, चुकलो आम्ही. तू पुढं कर."

तिचे आकडे आले तेव्हा मी खाद्य बदलत होते, त्यामुळं हात मोकळे नव्हते आणि बाईंनी ते मला वाचून दाखवले. एकेक प्लेट, सावकाश, माझ्या पाठीमागं उभं राहून. लवकर सावरलेल्या, रेंगाळलेल्या. पाहुणेबुवांनी खाली एकच ओळ जोडली होती, की ठिपके तिनंच काढले, मी बाहेर उभा होतो. थोरल्या रेंगाळलेल्या, धाकट्या सावरलेल्या, आणि अंतर आमच्याइतकंच.

मी शेवटची प्लेट भरून झाकण लावलं. बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाल्या, पाठवा तुमची औषधं. कुठलं औषध थोरलीला लवकर उठवतं ते बघू.